मिटवलेली बदनामी दर हंगामात पुन्हा वर येते, तेव्हा काय तपासावे

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातील छोट्या-मध्यम उद्योगांची फेसबुक पेजेस, इन्स्टाग्राम खाती आणि गुगलवरील नोंदी सांभाळताना मालकांकडून एक वाक्य वारंवार ऐकावे लागते: "तो विषय आम्ही मिटवला होता, आता परत कुणी उकरून काढला?" पहिल्यांदा झालेल्या आरोपाला तोंड कसे द्यावे, याबद्दल बरेच लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यापेक्षा मर्यादित आहे. उत्तर दिले, माफी मागितली, प्रसंगी कमेंट काढूनही टाकली आणि तरीही तोच आरोप सहा-आठ महिन्यांनी नव्या जोमाने फिरू लागला, तर बिघाड कोठे शोधावा, एवढ्यापुरतेच हे विवेचन आहे.

बहुतेक प्रकरणांत असे आढळते की उत्तर त्या एका पोस्टला दिलेले असते, मुद्द्याला दिलेले नसते. पोस्ट खाली सरकली की उत्तरही तिच्यासोबत खाली जाते. मुद्दा मात्र लोकांच्या फोनमध्ये तसाच राहतो आणि पुढचा माणूस तो उचलतो, तेव्हा कंपनीकडे दाखवण्यासारखे काहीही हाताशी नसते.

आधी तारखा एका रांगेत लावाव्यात

उत्तर लिहायला बसण्यापूर्वी एक साधी वही किंवा एक्सेलची फाईल करावी. तीत प्रत्येक तक्रारीची तारीख, ती कोठे आली, कोणत्या भाषेत आली, वस्तू कोणत्या दुकानातून किंवा कोणाकडून घेतली होती आणि पोस्टची पूर्ण लिंक एवढे लिहावे. मागच्या दोन-तीन वर्षांचे जे काही सापडेल ते सगळे त्यात घालावे. "लोक जळतात", "समोरच्या दुकानदाराचे काम आहे" असे निदान मालकाने आधीच केलेले असते. ते तूर्त बाजूला ठेवावे.

मिठाईचा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबाच्या बाबतीत ही वही फारच बोलकी ठरली. त्यांच्या कुंद्यावर, म्हणजे खव्याच्या बेळगावी मिठाईवर, बुरशी आल्याचे फोटो दरवर्षी कोणी ना कोणी टाकत असे आणि दरवर्षी पेजवरून उत्तर जात असे की, "तीन पिढ्यांची आमची परंपरा आहे, आमच्या मालात असे कधीच होत नाही, कृपया अफवा पसरवू नये." तारखा एकाखाली एक मांडल्यावर सगळे फोटो जुलै ते सप्टेंबर या काळातले निघाले, आणि तक्रार करणारी बहुतेक माणसे पुणे-मुंबईची किंवा तिकडे डबा पाठवणारी होती. जागेवर बसून खाणाऱ्या गिऱ्हाइकाची एकही तक्रार नव्हती. कारखान्यात जाऊन पाहिल्यावर कारण समोरच दिसले. गणपतीच्या आधीच्या गर्दीत कढईतून उतरलेला कुंदा पुरता निवण्याआधीच डब्यात भरून झाकण लावले जात होते. आतल्या वाफेचे झाकणाखाली पाणी होत होते, आणि दमट हवेत रात्रभर बसच्या टपावर किंवा डिकीत राहिलेल्या डब्याला तेवढा ओलावा पुरेसा होता. डब्यावर तयार केल्याची तारीखही नव्हती, त्यामुळे दहा दिवस ठेवून खाल्लेला कुंदा आणि दोन दिवसांचा कुंदा यांत फरक करायला कोणापाशीच काही साधन नव्हते.

अशा ठिकाणी सोशल मीडियावरचा उपाय दुय्यम असतो. माल पूर्ण निववून भरणे, डब्यावर तयार केल्याची तारीख आणि किती दिवसांत संपवावा ते मोठ्या अक्षरांत छापणे, हा खरा उपाय. मिठाईच्या दुकानांत सुट्या मालाच्या ट्रेवर 'बेस्ट बिफोर' तारीख लावणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक केलेले आहे. ज्या दुकानात ती पाटी नाही, त्याने स्वच्छतेच्या गप्पा ऑनलाइन मारल्या तर पहिली कमेंट त्या पाटीबद्दलच येणार.

मोठ्या कंपन्याही याच ठिकाणी अडखळल्या आहेत. ऑक्टोबर २००३ मध्ये महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या, तेव्हा कंपनीचे पहिले म्हणणे दुकानदारांनी माल नीट साठवला नाही असे होते. त्यात तथ्य असेलही. पण लोकांचे समाधान त्याने झाले नाही. पुढे वेष्टनच बदलून अधिक घट्ट बंद होणारे केल्यानंतर कंपनीपाशी दाखवण्यासारखी ठोस गोष्ट आली. साठवणूक दुकानदाराची असली तरी नाव कंपनीचे जाते, आणि बसमधून जाणाऱ्या कुंद्याच्या डब्यालाही हेच लागू आहे.

दुरुस्ती झाल्यानंतर पेजवरचे उत्तरही बदलले पाहिजे. वर दिलेले 'तीन पिढ्यांचे' उत्तर आणि खालचे उत्तर शेजारी ठेवून पाहावे:

"नमस्कार. आपण टाकलेला फोटो पाहिला. डब्याच्या बाजूला छापलेली तारीख आणि कोणत्या दुकानातून घेतला ते कळवल्यास त्या दिवशीचा माल आम्हाला तपासता येईल. डबा बदलून हवा की पैसे परत हवेत ते सांगावे. दोन्हींची व्यवस्था होईल. पावसाळ्यात कुंदा पूर्ण निववूनच डब्यात भरण्याची पद्धत आम्ही सुरू केली आहे आणि बाहेरगावी नेताना तो किती दिवस टिकतो हे आता डब्यावर लिहिलेले आहे."

या उत्तरात तक्रारदाराला खोटे ठरवलेले नाही, काहीतरी विचारलेले आहे आणि काहीतरी केल्याचे सांगितलेले आहे. खोडसाळपणा करणारा माणूस सहसा तारीख आणि दुकानाचे नाव विचारले की गप्प होतो. खरा गिऱ्हाईक ती माहिती लगेच देतो. वाचणाऱ्या इतरांना दोहोंतला फरक न सांगताही कळतो.

उत्तर टिकाऊ जागी ठेवणे

दुरुस्तीची माहिती एकाच पोस्टमध्ये, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत, तारखेसह लिहावी आणि ती पेजच्या सर्वांत वर पिन करून ठेवावी. संकेतस्थळ असेल तर तेथेही कायमचे पान करावे आणि पुढच्या वर्षी नवे पान न करता त्याच पानावर नवी तारीख घालून भर टाकावी. शीर्षकात 'बुरशी' हा शब्द असला पाहिजे. याला जवळपास प्रत्येक मालक विरोध करतो, कारण आपल्याच पानावर तो शब्द लिहिणे अशुभ वाटते. 'गुणवत्तेबाबत निवेदन' असे काहीतरी सोवळे शीर्षक त्याला हवे असते. पण शंका आलेला माणूस गुगलवर 'गुणवत्ता निवेदन' शोधत नाही, तो दुकानाचे नाव आणि पुढे 'बुरशी' असेच टाइप करतो. त्या शोधात कंपनीचे पान आले नाही, तर तक्रारीचे फोटो तेवढे येतात.

जुनी क्लिप, नवी तारीख

दुसरा वारंवार येणारा प्रकार व्हॉट्सॲपचा आहे आणि तो अधिक अवघड आहे, कारण तेथे संदेश टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक असल्याने कोणत्या ग्रुपमध्ये काय फिरते आहे हे कंपनीला बाहेरून दिसत नाही. 'फॉरवर्डेड' ही खूण जुलै २०१८ मध्ये आली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादाही त्याच सुमारास आली, आणि एप्रिल २०२० पासून अनेकदा पुढे गेलेला, म्हणजे दुहेरी बाणाचा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. यामुळे वेग कमी झाला, पण क्लिप नष्ट होत नाही. ती कोणाच्या तरी गॅलरीत पडून राहते आणि गणपती-दिवाळीच्या तोंडावर 'आजची घटना' म्हणून पुन्हा बाहेर पडते. गॅलरीतून नव्याने पाठवली की ती फॉरवर्डची खूणही जाते.

येथे दुहेरी बाण असलेल्या संदेशाचा उगम शोधण्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी क्लिपमधील ओळखण्याजोग्या तीन-चार गोष्टी शोधाव्यात. वाहनाचा नंबर, मागच्या फलकावरील तारीख, आता बंद झालेले वेष्टन, कामगारांच्या अंगावरचा जुना गणवेश यांतील काहीही चालते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादातून बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोल नाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. त्या दिवसांतील चित्रीकरण आजचे म्हणून एखाद्या वाहतूक कंपनीच्या नावासह फिरू लागले, तर पुण्याचा व्यापारी माल पाठवायचे थांबवतो. "ही क्लिप डिसेंबर २०२२ ची आहे, आमच्या गाड्या आज या मार्गाने नेहमीप्रमाणे धावत आहेत" असे दोन ओळींचे, क्लिपमधील एका चित्रावर मोठ्या अक्षरांत 'जुनी क्लिप' असे लिहिलेले उत्तर अशा वेळी कामी येते. ते चित्राच्या रूपात असावे, म्हणजे ज्या ग्रुपमध्ये क्लिप आली त्याच ग्रुपमध्ये ते टाकता येते. पानभर निवेदनाची पीडीएफ कोणीही उघडत नाही.

मूळ क्लिप मात्र आपल्या पेजवर जशीच्या तशी पुन्हा टाकू नये. ज्यांनी पाहिली नव्हती त्यांनाही ती मग आपणच दाखवतो. हे वरवर 'बुरशी' शब्दाच्या सल्ल्याशी विसंगत वाटेल, परंतु शोधायला आलेल्याला उत्तर मिळणे वेगळे आणि न शोधणाऱ्याच्या पुढ्यात आरोप नेऊन ठेवणे वेगळे.

केवळ न्यायालयाचा आदेश मिळवून अफवा थांबत नाही, याचेही उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. कुरकुऱ्यात प्लास्टिक असल्याची अफवा वर्षानुवर्षे फिरत राहिली आणि २०१८ मध्ये पेप्सिको त्या मजकुराविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली. काडी लावली की पेटते, एवढाच तिचा आधार होता; तेल आणि पीठ असलेली कोणतीही तळलेली वस्तू पेटते, हे घरात पापड भाजणाऱ्यालाही माहीत असते. असा एका वाक्यात सांगता येणारा खुलासा कंपनीपाशी असेल तर तो वकिलाच्या नोटिशीपेक्षा जास्त लांब जातो.

सीमाभागाची स्वतःची अडचण

इतर कोठल्याही शहरात न येणारा एक प्रकार आपल्याकडे ठरलेल्या तारखांना येतो. १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा निषेधाचा काळा दिन असतो, डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्णसौध या इमारतीत कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते, आणि या दिवसांत दुकानाची पाटी, बिलाची भाषा, काउंटरवरच्या मुलाने कोणत्या भाषेत उत्तर दिले, यांपैकी कशावरूनही एखाद्या आस्थापनेचे नाव दोन्ही बाजूंच्या ग्रुपमध्ये एकाच वेळी जाऊ शकते. मराठी ग्रुपमध्ये 'यांनी मराठी पाटी उतरवली' आणि कन्नड ग्रुपमध्ये 'यांची पाटी अजून मराठीतच' असे एकाच दुकानाबद्दल एकाच संध्याकाळी फिरलेले दिसते.

याचेही मूळ पुष्कळदा जुन्या फोटोत असते. कर्नाटकात व्यापारी पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला देण्याचा कायदा २०२४ मध्ये झाला आणि अनेकांनी त्यानुसार पाट्या बदलल्या. परंतु गुगल मॅपवर गिऱ्हाइकांनी पूर्वी टाकलेले फोटो तसेच आहेत आणि भांडणाला निघालेला माणूस दुकानासमोर न येता तेथूनच फोटो उचलतो. गिऱ्हाइकाने टाकलेला फोटो मालकाला स्वतः काढता येत नाही. मालकाने आजच्या पाटीचे स्वच्छ, दिवसाउजेडी काढलेले फोटो नोंदीवर घालावेत आणि मुख्य फोटो म्हणून तेच निवडावेत. हे काम ऑक्टोबर संपण्यापूर्वी करावे, वाद पेटल्यावर नव्हे.

उत्तराची भाषा तक्रारदाराची भाषा असावी. कन्नडमध्ये आलेल्या तक्रारीला कन्नडमध्येच, आणि दुकानातील कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्याकडून लिहून घेतलेले उत्तर द्यावे. यंत्राने केलेले भाषांतर वाचणाऱ्याला चटकन ओळखू येते आणि मग त्याचाच स्क्रीनशॉट फिरतो. मजकूर मात्र दोन्ही भाषांत तोच हवा. कन्नडमध्ये एक आणि मराठीत दुसरे असे सांगून वेळ मारून नेण्याचा मोह होतो, पण येथील निम्मे गाव दोन्ही भाषा वाचते.

बेळगाव लिहावे की बेळगावी, हा प्रश्नही याच सदरात येतो. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललेले आहे. परवाना, बिल आणि पत्ता यांवर अधिकृत रूप ठेवावे. मराठी मजकुरात बेळगाव लिहिण्याची वहिवाट असेल तर ती ठेवावी. काय ठेवायचे ते एकदा ठरवावे आणि वादाच्या दिवशी जुनी पोस्ट गुपचूप दुरुस्त करू नये. फेसबुकवर पोस्टमधील बदलांचा इतिहास पाहता येतो आणि तो पाहणारे लोक अशा दिवशी जागेच असतात.

गुगलवरचा एक स्टार

भाषेच्या वादातून एकदम पडलेले एक स्टारचे रिव्ह्यू काढून घेण्याची शक्यता त्यातल्या त्यात चांगली असते. खरेदीच्या अनुभवावर आधारलेला नसलेला, राजकीय किंवा सामाजिक टीका करणारा मजकूर गुगलच्या नियमांत 'विषयाबाहेरचा' ठरतो. अशा प्रत्येक रिव्ह्यूची त्या कारणाखाली स्वतंत्र तक्रार नोंदवावी. सगळ्यांना 'स्पॅम' असे एकच कारण लावून मोकळे होणे सोपे असते, पण त्यातून हाती फारसे लागत नाही. याउलट 'माल खराब होता' विरुद्ध 'माल चांगला होता' असा वाद असेल तर गुगल त्यात निवाडा करत नाही. तेथे मालकाचे जाहीर उत्तर हाच मार्ग उरतो.

एक कारण मात्र येथे हमखास तपासावे. सारख्या नावांचा घोळ आपल्याकडे फार आहे. आडनावावरून किंवा देवाच्या नावावरून ठेवलेली दुकाने एकाच पेठेत दोन-तीन असतात, भाऊबंदकीत फुटलेल्या दुकानांची नावे तर एका शब्दानेच वेगळी असतात, आणि उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्र्या व मशीन शॉप यांची तीच स्थिती आहे. रिव्ह्यूत वर्णन केलेला माल आपण करतच नसू, तर तसे नम्रपणे लिहावे, पण चुलतभावाच्या दुकानाचे नाव घेऊन तिकडे बोट दाखवू नये. आपल्या नोंदीचे नाव पाटीवरच्या नावाशी जुळवून घ्यावे आणि बाहेरचा दर्शनी फोटो ठेवावा. पुढचा गोंधळ त्याने बराच कमी होतो.

रिव्ह्यू खाली जावेत म्हणून नातेवाईक आणि कामगारांकडून पाच स्टार टाकून घेण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो घेऊ नये. एकाच दिवशी 'व्हेरी नाइस' असे लिहिणारी वीस खाती कोणाच्याही नजरेत भरतात आणि मूळ तक्रारीला नसलेले वजन त्यामुळे येते.

काढणे, लपवणे आणि कायदा

कंपनीच्या पेजवरील शिवीगाळ, फोन नंबर उघड करणारा मजकूर आणि जातिधर्मावरील टीका जरूर काढावी आणि आपण काय काढतो हे पेजच्या माहितीत लिहून ठेवावे. तक्रार काढू नये. फेसबुकवर कमेंट लपवली तर ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. तालुक्याच्या गावात त्याचे मित्र म्हणजेच आपले गिऱ्हाईक असल्याने लपवून फारसे काही साधत नाही.

पोलिसांत जाण्यापूर्वी दोन गोष्टी माहीत असाव्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांबद्दलचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलेले आहे, तरी '६६अ लावू' अशा धमक्या अजून कमेंटमध्ये दिसतात आणि हसे करून घेतात. १ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. कंपनीचीही बदनामी होऊ शकते हे त्यात मान्य आहे. तथापि तो अदखलपात्र असल्याने सामान्यतः न्यायालयात तक्रार करावी लागते, आणि लोकहितासाठी सांगितलेले सत्य हा त्याला अपवाद आहे. म्हणजे बुरशीचा फोटो खरा असेल तर नोटीस पाठवणे कंपनीवरच उलटते, आणि नोटिशीचा फोटो मूळ फोटोपेक्षा दुप्पट लोक पाहतात. कंपनीच्या नावाचे खोटे पेज उघडून कोणी पैसे उकळत असेल तर गोष्ट वेगळी. तेथे थांबू नये, १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर लगेच तक्रार करावी.

फेसबुक, गुगल अशा मंचाकडे तक्रार करताना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्याकडे करावी. चोवीस तासांत पोच देणे त्याच्यावर बंधनकारक आहे आणि निर्णय मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील समितीकडे जाता येते. पुरावा म्हणून कापलेला स्क्रीनशॉट ठेवू नये. लिंक, तारीख आणि खात्याचा पत्ता दिसेल असे पूर्ण पान जतन करावे आणि ज्या फोनवर संदेश आला तो फोन विकू किंवा पुसू नये, कारण न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते आणि ते देणाऱ्याला साधनाची माहिती द्यावी लागते.

खाते कोणाच्या हातात आहे

हे सगळे करूनही उत्तर वेळेवर जात नाही, असे होते तेव्हा कारण अगदी क्षुल्लक निघते. पेज काही वर्षांपूर्वी मालकाच्या पुतण्याने आपल्या खात्यावरून उघडलेले असते, तो आता पुण्याला नोकरीला असतो, ओटीपी त्याच्या नंबरवर जातो आणि रविवारी रात्री आरोप फिरू लागला की सोमवारी दुपारपर्यंत कोणालाही पेज उघडता येत नाही. पेजवर पूर्ण अधिकार असलेल्या किमान दोन व्यक्ती असाव्यात, त्यांपैकी एक स्वतः मालक असावा, आणि गुगलची नोंद कंपनीच्या ईमेलवर व कंपनीच्या नावे घेतलेल्या सिमकार्डवर असावी. ते सिमकार्ड दुकानातल्या फोनमध्ये चालू स्थितीत आहे आणि त्याचे रिचार्ज संपलेले नाही, एवढे गणपतीच्या आधी एकदा आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदा पाहून घ्यावे.